रत्नागिरीत बी.एस्सी. करताना ग्रहांच्या वातावरणावरच्या संशोधनाची तयारी कशी करावी?

तुम्ही रत्नागिरीत फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात. काही विद्यापीठांत वातावरण आणि ग्रह हे विषय एकाच विभागात का असतात, आणि मान्सूनवर काम सुरू केलं तर मंगळाचा रस्ता बंद होतो का, असं तुम्ही विचारलंय. मी गुहागरकडचा, पुण्यात एम.एस्सी. केली आणि पुढे मान्सूनच्या वाऱ्यांवर पीएच.डी. रस्ता बंद होत नाही. तो तुमच्या घरावरूनच जातो.

आगोटीची कामं उरकत असताना समुद्राकडून जो नैऋत्य वारा येऊ लागतो, तो मूळचा दक्षिण गोलार्धातला. केनियाजवळ तो विषुववृत्त ओलांडतो. पश्चिमेला पूर्व आफ्रिकेचा उंच डोंगराळ प्रदेश भिंतीसारखा उभा असतो, त्यामुळे वारा मोकळा पसरत नाही. भिंतीच्या कडेने अरुंद पट्ट्यात वेगाने वाहतो, सोमालियापाशी उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्यावर येतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटरवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. ब्रिटिश हवामानतज्ज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ साली हा झोत नीट मांडून दाखवला, म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. सोमाली जेट म्हणतात तोही हाच.

पण नुसती भिंत असून भागत नाही. ग्रह फिरत असतो आणि त्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम अक्षांशागणिक बदलतो. म्हणून उत्तर-दक्षिण वाहणारा प्रवाह पश्चिमेच्या भिंतीला चिकटून जोरदार होतो. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम अमेरिकेच्या किनाऱ्याला चिकटतो तोही याच कारणाने.

आता मंगळ घ्या. तो स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो, आस सुमारे २५ अंश कललेला, म्हणजे ऋतू आहेत. आणि थार्सिस नावाचं ज्वालामुखींचं अवाढव्य पठार आहे. भिंतही आहे, फिरणंही आहे. दक्षिण गोलार्धात उन्हाळा असताना उत्तरेकडून विषुववृत्त ओलांडणारा जमिनीलगतचा वारा थार्सिसच्या पूर्व उताराशी झोत होऊन वाहतो. उत्तरेत उठलेली धुळीची वादळं कधीकधी याच बाजूने दक्षिणेत उतरतात. एका सेमिनारमध्ये मी मंगळाच्या वाऱ्यांचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा दिशा उलटी असूनही मला तो ओळखीचा वाटला. त्या रात्री झोप लागली नाही.

विभाग एकत्र का, याचं उत्तर यातच आहे. समीकरणं तीच. आकडे बदलतात. शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, पण त्याचे वरचे ढग चार दिवसांत ग्रहाला फेरी मारतात. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांची पीएच.डी. शुक्राच्या वातावरणावरची होती, आणि १९८८ साली अमेरिकी सिनेटपुढे पृथ्वीच्या तापमानवाढीची साक्ष त्यांनीच दिली.

मंगळावर जे नाही तेही लक्षात ठेवा. हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्श्याहून कमी, समुद्र नाही, त्यामुळे वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता जवळपास नाहीच. आपल्याकडे सगळा खेळ तिचा. तोच वारा सह्याद्रीवर चढतो म्हणून रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाटापलीकडे पुण्यात सातशेच्या आसपास. हे गणित संगणकाला अजून जड जातं. ईआरए५ ही युरोपची हवामानाची माहितीमालिका सगळे वापरतात, पण तिच्या नकाशातली एक चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. आपली कोकणपट्टी एक-दोन चौकटींत संपते आणि घाटाचा कडा सपाट उतार होऊन जातो. माझ्या मते इथे आयुष्यभराचं काम पडलंय, आणि कडा पाहिलेल्या माणसानं ते करावं.

परीक्षांचं थोडक्यात: एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम, पुढे पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट. नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह हा एकच विषय आहे. वातावरणासाठी पुण्यातली आयआयटीएम (उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था) आणि पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग, बंगळुरूची आयआयएससी, दिल्लीची आयआयटी. ग्रहांसाठी अहमदाबादची पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी). डिफरन्शियल इक्वेशन्स आणि पायथन मात्र आत्तापासून पक्कं करा. माझं ते कच्चं होतं आणि पीएच.डी.चं पहिलं वर्ष त्यातच गेलं.

या सुट्टीत एक करून पाहा. ईआरए५ फुकट मिळते. ८५० हेक्टोपास्कल पातळीवरचे, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचे, जुलैचे वारे उतरवून आफ्रिकेपासून कोकणापर्यंत नकाशा काढा. मग मार्स क्लायमेट डेटाबेस उघडा, तोही वेबवर खुला आहे, आणि थार्सिसच्या पूर्वेचे जमिनीलगतचे वारे काढा. तिथे महिन्याऐवजी सौर रेखांश विचारतात, म्हणजे मंगळ सूर्याभोवतीच्या फेरीत कुठे आहे ते सांगणारा कोन. दक्षिणेच्या उन्हाळ्यासाठी तो २७० अंश ठेवा.