‘एटीकेटी लागली, आता शिष्यवृत्ती बंद होणार का?’

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. वडील कोरडवाहू शेती सांभाळून टेम्पो चालवतात. खुल्या प्रवर्गातून, कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश. म्हणून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे ज्याला सगळे अजून ‘ईबीसी’च म्हणतात ती. पहिल्या वर्षी मंजूर झाली होती. दुसऱ्या वर्षी फी विभागाने उरलेली रक्कम मागितली, तेव्हा पोरगा कॉलेजलाच यायचा बंद झाला. रूममेट त्याला हाताला धरून समुपदेशन कक्षात घेऊन आला.

त्याची समजूत अशी : पहिल्या वर्षी गणितात आणि मेकॅनिक्समध्ये एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिले तरी पुढच्या वर्षात प्रवेश मिळाला, म्हणून सरकारने शिष्यवृत्ती काढून घेतली. घरी एटीकेटीचंच सांगितलेलं नव्हतं, मग पैशांचं कुठून सांगणार? अशा मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणून काही होत नाही. त्याला मोबाइलवर महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल, उघडायला सांगितलं. उघडता येईना. युजरनेम आठवत नव्हतं आणि ओटीपी भलत्याच नंबरवर जात होता. अर्ज गावाजवळच्या सायबर कॅफेत भरलेला, नंबर कॅफेवाल्याचा. तीन महिने सगळे मेसेज त्या माणसाकडे जात होते आणि त्याच्याकडे असे दोनशे अर्ज!

कॅफेवाल्याला फोन करून ओटीपी घेतला, आधी मोबाइल नंबर बदलला. नवीन प्रोफाइल काढायचा मोह अशा वेळी होतोच, तो टाळायचा. एकाच विद्यार्थ्याच्या दोन प्रोफाइल झाल्या की कोणती खरी, हे निस्तरता निस्तरता वर्ष निघून जातं.

आत अर्जाची स्थिती होती ‘सेंड बॅक’. नाकारलेला नव्हता, दुरुस्तीसाठी परत आलेला होता. शेऱ्यात दोन कारणं : उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य आणि अभ्यासवर्ष चुकीचं. एटीकेटीचा उल्लेखसुद्धा नव्हता. चालू अभ्यासक्रमाच्या पानावर निकालासाठी एटीकेटी हा पर्याय असतोच. पुढच्या वर्षात रीतसर प्रवेश मिळाला असेल तर तो निवडायचा आणि गुणपत्रिका जोडायची. लपवून ‘पास’ लिहिलं, की गुणपत्रिका आणि अर्ज जुळत नाहीत आणि तिथे खरी अडचण उभी राहते. वर्षच राहिलं, त्याच वर्गात पुन्हा बसावं लागलं, तर गोष्ट वेगळी; तेव्हा शुल्क मिळेल असं धरून चालू नये.

अभ्यासवर्षाची चूक जवळजवळ दरवर्षी, दर वर्गात कोणाची तरी होते. रिन्यूअल म्हणजे जुना अर्ज आपोआप पुढे सरकतो, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ओळख तेवढी जुनी राहते, अर्ज नव्यानेच तपासला जातो. कॅफेवाल्याने मागच्या वर्षीची नोंद तशीच ठेवून बटण दाबलं होतं. करायचं असं : पहिल्या वर्षाची नोंद ‘पूर्ण’ करायची, तिथे निकाल आणि टक्केवारी भरायची, मग त्याच अभ्यासक्रमाखाली दुसरं वर्ष ‘सुरू’ म्हणून नोंदवायचं, प्रवेशाची तारीख आणि भरलेली फी यंदाच्या पावतीवरून घालायची. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी मात्र रिन्यूअलच्या वाटेला जाऊ नये. त्यांचा अभ्यासक्रम नवा, अर्जही नवाच.

दाखल्याचं गणित कॅलेंडरचं आहे. तहसीलदारांचा एक वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो. याचा दाखला जुलै 2024 मधला, 2023-24 च्या उत्पन्नाचा. 31 मार्च 2025 नंतर तो कागदच. 2025-26 च्या अर्जाला 1 एप्रिल 2025 नंतर काढलेला हवा. आधी तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, मग सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज. मुदत 15 दिवसांची, पण जून-जुलैत सगळा तालुका रांगेत असतो. एप्रिलच्या मध्यात गेलं तर तलाठी निवांत सापडतो. मर्यादा 8 लाखांची आहे, तेव्हा टेम्पोचं उत्पन्न लपवण्यात काही अर्थ नव्हता. वडिलांना तेही सांगावं लागलं. नवा दाखला आला की बारकोडखालचा क्रमांक नव्याने टाकायचा. फाइल 256 केबीच्या आत बसवताना अक्षरं पुसट झाली तर अर्ज पुन्हा परत येतो, म्हणून फोटोऐवजी स्कॅन बरा.

दुरुस्त अर्ज पाठवल्यावर तो सरळ तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात जात नाही, आधी पुन्हा कॉलेजच्या लॉगिनला येतो. इथे बरेच अर्ज झोपतात. ‘सबमिट केलंय’ म्हणून मुलं निर्धास्त आणि शिष्यवृत्तीच्या क्लार्कला पत्ताच नाही. अर्जाची प्रिंट, दाखला, गुणपत्रिका, फीची पावती आणि उपस्थिती असा संच घेऊन त्याला त्याच दिवशी खिडकीवर पाठवलं. शेवटचं कशाला? मागच्या सत्रातली किमान 50 टक्के उपस्थिती ही या योजनेची अट आहे, आणि हा तर तोंड लपवून गैरहजर राहत होता. आणखी महिनाभर तसाच राहिला असता, तर जी भीती खोटी होती ती त्यानेच खरी केली असती.

आता पैसे. ही योजना शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा 50 टक्के भाग देते. विकास शुल्क, वसतिगृह, मेस यात येत नाही. शिक्षण शुल्क 80,000 धरलं तर 40,000, तेही दोन हप्त्यांत. त्याच्या मते पहिल्या वर्षाचा दुसरा हप्ता आलाच नव्हता. पोर्टल म्हणत होतं, पैसे गेले. मग मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार कोणत्या बँकेशी जोडलाय याची, स्थिती पाहिली. तिथे भलत्याच बँकेचं नाव! मध्यंतरी नवीन सिम घेताना दुकानदाराने ‘फुकट आहे’ म्हणून एका पेमेंट बँकेत खातं उघडून दिलं होतं आणि आधार तिथे जोडला गेला होता. डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी, रक्कम पासबुकावरचा खाते क्रमांक बघत नाही, आधार शेवटी ज्या बँकेशी सीड झाला तिथे जाते. हप्ता त्या खात्यात पाच महिने पडून होता. पैसे काढले, मग जुन्या बँकेत जाऊन सीडिंगचा संमती अर्ज दिला. तिथे नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलं तर केवायसी करून परत पाठवतात. ‘डीबीटीसाठी सीडिंग’ हे शब्द वापरायचे.

फी विभागाला प्राचार्यांमार्फत एक साधा अर्ज दिला : शिष्यवृत्ती अर्ज क्रमांक, सध्याची स्थिती, अडकलेल्या हप्त्यातून लगेच भरत असलेली रक्कम आणि उरलेल्यासाठी मुदत. पावती दिसल्यावर त्यांनी परीक्षेचा फॉर्म अडवला नाही.

घरी फोन मात्र दाखला काढायच्या आधीच त्याने लावला होता, कक्षात बसून. एटीकेटीवर वडील क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “दाखला कधी काढायचा ते सांग.” थोड्या वेळाने दुसरा प्रश्न आला : धाकटी बारावीला आहे, मुलींना सगळं माफ आहे म्हणतात ते खरं का? आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून 100 टक्के माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्रही एप्रिलमध्येच काढायला लागायचं. तिचा अर्ज दरवर्षी भाऊच भरणार, असं तिथल्या तिथे ठरलं. मोबाइल नंबर मात्र तिचाच टाकायचा.