वाचकांचे प्रश्न : आरमारी साहसकथांची जुनी पुस्तकं

प्रश्न : घरच्या ट्रंकेत ब्लॅकी अँड सनची दोन इंग्रजी पुस्तकं सापडली. पहिल्या महायुद्धातल्या आरमारावरच्या मुलांसाठीच्या गोष्टी. साल कुठेच छापलेलं नाही. एकात शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी आहे, १९३१ ची. पुस्तक त्याच वर्षीचं धरायचं का? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही. प्रत १९३१ नंतरची नाही, एवढंच चिठ्ठी सांगते. हे प्रकाशक साल न घालता पुन्हा पुन्हा छापत, त्यामुळे दुसरं टोक आतून शोधावं लागतं. शीर्षकपानाच्या मागे त्याच लेखकाच्या पुस्तकांची यादी असते. तीतलं सर्वांत नवं पुस्तक ज्या वर्षी निघालं, त्याआधीची तुमची प्रत असू शकत नाही. शेवटच्या जाहिरातींवर मात्र तेवढा भरवसा नको.

चिठ्ठी नसलेल्या प्रतीत पत्ता बघा. लंडनचा पत्ता ओल्ड बेली असेल तर ती जुनी, चँडॉस प्लेस असेल तर नंतरची. मुंबईच्या फोर्ट स्ट्रीटचा पत्ताही बहुधा तिथेच दिसेल. त्यावरून पुस्तक मुंबईत छापलं असं समजू नका, ती फक्त शाखा. उघड्या पुस्तकावर बसलेल्या सिंहाचं चिन्ह असेल तर प्रत १९४२ किंवा त्यानंतरची, कागदटंचाईच्या काळातली. किंमत ठरवण्याआधी चित्रांच्या यादीशी चित्रं ताडून घ्या. गुळगुळीत कागदावरची ही चित्रं वेगळी चिकटवलेली असतात, आणि तीच आधी निखळतात.

प्रश्न : अशाच एका कथेत १९१४ साली पंधरा वर्षांचा मुलगा युद्धनौकेवर आहे आणि एक ट्रॉलर (मासेमारीची बोट) पाणबुडीवर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारा बॉम्ब, टाकतो. हे खरं मानावं का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : मुलगा खरा, डेप्थ चार्ज खोटा. इंग्लंडमधल्या डार्टमथच्या आरमारी विद्यालयातले कॅडेट ऑगस्ट १९१४ च्या आरंभीच जहाजांवर धाडले गेले. २२ सप्टेंबरला एकाच जर्मन पाणबुडीने अबूकिर, हॉग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर युद्धनौका बुडवल्या, तेव्हा त्यांतली काही पोरं त्यांवर होती. (एमडेन या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या त्या त्याच दिवशी रात्री.) १९१६ च्या जटलंडच्या आरमारी लढाईत चेस्टर या युद्धनौकेवर जखमी होऊन मेलेला जॅक कॉर्नवेल सोळाचा होता, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

कामाचा डेप्थ चार्ज आला १९१६ मध्ये. ३०० पौंड स्फोटक, ४० किंवा ८० फुटांवर पाण्याच्या दाबाने फुटणारं. टाकल्यावर जहाजाने जोरात पुढे निघून जायला हवं, नाहीतर स्वतःचीच मागची बाजू फुटायची. म्हणून मंद बोटींना १२० पौंडांचे छोटे दिले जात. ट्रॉलर मोठा चार्ज टाकून जागीच रेंगाळत असेल, तर लेखकाने आरमार धक्क्यावरूनच पाहिलं असं खुशाल समजा.

प्रश्न : खानापूरच्या पावसात लाल कापडी बांधणीवर बुरशी येते. ओल्या फडक्याने पुसू का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : मुळीच नको, कापडाचा रंग सुटतो. पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं करा, पानं उभी फाकवून सावलीत पंख्याखाली सुकवा. उन्हात कणा विटतो. बुरशी कोरडी झाली की बाहेर अंगणात, नाकाला कापड बांधून, मऊ ब्रशने झाडा. कपाटातली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर ती परत येणारच. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. कसर लागली असेल तर कोरडं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार पानांवर दव धरतं.