नऊ देश नकोत, चार घरं पुरेत

नाशिकहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. मुलगी साडेआठ वर्षांची, तिसरीत. मुलगा पाचचा, शिशुवर्गात. नवरा घरून काम करतो आणि त्याच्या डोक्यात बसलंय की दिवाळीनंतर पाच महिने सगळ्यांनी आग्नेय आशियात फिरायचं, नऊ देश. सासूबाई म्हणतात, "लेकरांचे हाल करायला निघालेत." मुलीला थंडीत धाप लागते. बाई घरी शिकवणीचे वर्ग घेतात, ते बंद ठेवावे लागतील. त्यावर नवऱ्याचं उत्तर : "तुझं काय, घरूनच तर आहे." पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "मला जायचंय, पण तिकडे जाऊनही मी स्वयंपाक, कपडे आणि अभ्यासच करत बसणार असेन, तर नाशिकचं स्वयंपाकघर काय वाईट?"

प्रिय ताई,

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण खरं पत्र तेच आहे. शाळा, आजारपण, व्हिसा यांना उपाय आहेत आणि पुढे सांगतेच. पण प्रवासातलं घरकाम कोण करणार हे इथेच ठरलं नाही, तर तिकडे ते तुमच्याच गळ्यात पडेल. आणि ते किती वाढणार हे देशांच्या आकड्यावर ठरतं. पाच महिन्यांत नऊ देश म्हणजे सरासरी सतरा दिवसांना एक देश. प्रत्येक देशात दोन-तीन गावं धरली तर दर आठवड्याला बॅगा भरायच्या, नवं घर लावायचं, दूध-भाजी कुठे मिळते ते शोधायचं, मुलांना नव्या गादीवर झोपवायचं. पाच वर्षांचं मूल तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला बिथरतं. जेवत नाही, रात्री उठतं, आणि मग सगळे म्हणतात, मुलांना प्रवास झेपत नाही. मुलांना बदललेलं गाव सोसतं, रोज बदलणारं घर सोसत नाही.

म्हणून नऊ देशांना माझा साफ नकार. तीन देश, चार घरं. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर अखेरपर्यंत उत्तर थायलंडमध्ये चियांग माई : हवा कोरडी, दिवसा उबदार आणि फक्त रात्री-पहाटे गार असते. जानेवारी थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्राबीच्या बाजूला. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य व्हिएतनाममधलं होई आन. शेवटचे दोन आठवडे मलेशियातलं पेनांग, तिथल्या तमिळ वस्तीत इडली-डोशाचे वांधे नाहीत. हा क्रम उगाच नाही. फेब्रुवारीपासून चियांग माईच्या आसपास शेतं आणि रानं जाळतात, एप्रिलपर्यंत धूर कोंडून राहतो. तुमच्या मुलीच्या छातीला ते चालणार नाही, तेव्हा जानेवारी उजाडायच्या आत तिथून निघायचं. होई आनला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात, म्हणून ते मागे ढकललं. थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सामुईकडे, त्याच सुमारास पाऊस असतो, म्हणून ते वगळलं. व्हिएतनामचं नववर्ष, तेत, 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे दुकानं बंद, गाड्या भरलेल्या, सरकारी कचेऱ्या थंड. म्हणून जानेवारी संपता संपताच होई आनच्या घरात स्थिर व्हा.

आता पासपोर्ट. "मुलांचे आहेतच" असं लिहिलंत, आणि दोघांचेही नोव्हेंबर 2021 मध्ये, दुबईला जाण्याआधी काढल्याचंही लिहिलंत. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. म्हणजे तुम्ही निघाल त्याच महिन्यात दोन्ही संपतात! शिवाय प्रवेशाच्या दिवशी सहा महिने मुदत शिल्लक हवी, हा बहुतेक ठिकाणचा नियम, आणि विमान कंपनी तो काउंटरवरच लावते. पुढचं वाचायच्या आधी नूतनीकरणाची वेळ घ्या. अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सह्यांचं परिशिष्ट डी लागतं. आई-वडिलांच्या पासपोर्टवरची आणि मुलांच्या जन्मदाखल्यावरची नावं अक्षरशः जुळताहेत का ते आत्ताच पाहा, लग्नाआधीचं आडनाव कुठे राहिलंय का तेही.

व्हिसाचं थोडक्यात. थायलंडने जुलै 2024 मध्ये भारतीयांना साठ दिवस बिनव्हिसा दिले होते, ती सवलत अजून तशीच आहे का ते आधी बघा. मुक्काम त्याहून लांबला तर तिथल्या इमिग्रेशन कचेरीत प्रत्येकी 1,900 बात (थाई चलन) भरून तीस दिवस वाढवून मागता येतात. मुलांचेही वेगळे पैसे पडतात. येण्याआधीच्या 72 तासांत प्रत्येकाचं डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं, पाच वर्षांच्या चिरंजीवांचंही. व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांचा, एकदा प्रवेशाचा 25 डॉलर, चौघांचे 100. इथे माणसं नावात फसतात. पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असेल, तर अर्जातही ते तसंच, त्याच ठिकाणी हवं. एक अक्षर चुकलं तर दुरुस्ती होत नाही, नवा अर्ज आणि नवे पैसे, आणि कळतं ते विमानतळावर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, तसंच दिसणारी दलालांची पानं दुप्पट-तिप्पट घेतात. मलेशियाने भारतीयांना दिलेली व्हिसामाफी 31 डिसेंबर 2026 पर्यंतची आहे आणि तुम्ही पोहोचणार मार्चमध्ये. मुदत वाढली का ते बघून मगच पेनांगचं तिकीट. हे सगळे नियम सरकारं अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी वकिलातीचं पान पुन्हा उघडा.

यजमानांच्या कामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगा. पर्यटक म्हणून राहून लॅपटॉपवर नोकरी करणं सगळे करतात म्हणून नियमात बसत नाही. थायलंडचा डीटीव्ही नावाचा व्हिसा नेमका यासाठी आहे : पाच वर्षांचा, एका वेळी 180 दिवस राहता येतं, पाच लाख बात शिल्लक दाखवावी लागते, आणि बायको-मुलांना त्याच आधारावर अर्ज करता येतो. व्हिएतनामात असा व्हिसा नाही, त्यामुळे त्या सहा आठवड्यांत त्यांनी बिनपगारी रजा घेतली तर उत्तम. कंपनीची परवानगी लेखी हवी. करामुळे आणि माहितीच्या सुरक्षेमुळे बऱ्याच कंपन्या परदेशातून लॉगिन करू देत नाहीत. "मॅनेजर हो म्हणालाय" एवढ्यावर पाच महिन्यांचं भाडं भरू नका.

शाळेची काळजी त्यातल्या त्यात सोपी आहे. तिसरी आहे, निभेल. पहिल्या सत्राची परीक्षा देऊन निघा आणि मार्चअखेर परत या, वार्षिक परीक्षेआधी उजळणीला वेळ मिळतो. मुख्याध्यापकांकडून रजेची लेखी मंजुरी घ्या, फी भरत राहा, आणि काही झालं तरी दाखला काढू नका. दाखला काढलात की जूनमध्ये नव्या प्रवेशाच्या रांगेत. खरी गोची धाकट्याची आहे : पुढच्या जूनमध्ये तो पहिलीत जाणार, आणि बऱ्याच शाळांचे पहिलीचे अर्ज तुम्ही तिकडे असतानाच निघतात. शिशुवर्गातून पहिलीत आपोआप नाव जातं की अर्ज करावा लागतो, हे शाळेत आजच विचारा. अभ्यासाला रोज सव्वा तास बास. गणित मात्र रोज, कारण पाढे आणि हातचे आठवडाभर सोडले की निसटतात. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत, ओझं नेऊ नका.

आता तब्येत. मुलीसाठी दोन इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी), सगळं हातातल्या बॅगेत. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कोणाला कळत नाहीत. विमा काढताना दम्याचा त्रास लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो. आणि वर्षभराची पॉलिसी स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका. तिच्यात एका सहलीला तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांची मर्यादा असते, त्यापुढे तुम्ही उघड्यावर. सलग दीडशे दिवसांची एकच पॉलिसी निघण्याआधी भारतात घ्या.

तापाच्या औषधाबद्दल सविस्तर लिहिते, कारण चूक इथे होते. पॅरासिटामॉल मुलांना वजनावर देतात, किलोला 15 मिलिग्रॅम. तुमचा मुलगा 17 किलोचा असेल तर एका वेळी साधारण 250 मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. पण सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचंही असतं आणि 250 चंही, थायलंडमध्ये 160 चंही मिळतं. म्हणजे 250 च्या बाटलीतून 5 मिली आणि 120 च्या बाटलीतून 10 मिली. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलीतच 100 असतात, त्यातून चमचाभर दिलं की मात्रा दुप्पट झाली. डॉक्टरांकडून दोघांच्या मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या आणि तो कागद औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री दोन वाजता तोच वाचायचा. तिकडे डेंग्यू असतो, म्हणून तापात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, सगळंच्या सगळं एकदम. पेल्याभर पाण्यात अर्धं पाकीट टाकलं की ते जास्त खारट होतं आणि त्रास वाढतो.

कुत्रं किंवा देवळातलं माकड चावलं, ओरखडलं, तर आधी पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग दवाखाना. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं आणि ते छोट्या गावांत, बेटांवर मिळेलच असं नाही. आधीच रेबीजची लस घेतलेली असेल तर ते लागत नाही, चावल्यावर लसीचे दोनच डोस पुरतात. मुलं चावल्याचं लपवतात म्हणून ही लस महत्त्वाची. तिचे 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी असे तीन डोस, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच सुरू करा. जपानी मेंदूज्वर, टायफॉइड, हिपॅटायटिस ए यांचं त्याच भेटीत विचारा.

स्कूटर : यजमानांना ती भाड्याने घ्यायचीच असणार, सगळ्यांनाच असते. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना थायलंडमध्ये चालतो, मात्र त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. व्हिएतनाममध्ये आपला परवाना मानला जात नाही. परवाना ग्राह्य नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. चौघं एका स्कूटरवर तर नकोच नको. मोबाइल ॲपवरून बोलवायच्या ग्रॅबच्या गाड्या तिन्ही देशांत मिळतात.

तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. थायलंडमध्ये पिवळ्या झेंडीवर लाल अक्षर दिसलं की ते 'जे' : मांस, मासे, माशांचं पाणी (फिश सॉस) काही नाही, अंडं आणि दूधही नाही. "किन जे" म्हणा. नुसतं "मांस नको" म्हटलंत तर भाजीत माशांचं पाणी पडणारच. व्हिएतनाममध्ये शब्द आहे 'चाय'. चहा मागितल्यासारखं वाटेल, पण चहाला तिथे 'चा' म्हणतात. घरी शिजवायला दोन लिटरचा कुकर न्या, पण इंडक्शनच्या बुडाचा. भाड्याच्या घरांत बहुधा इंडक्शनच असतं आणि आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही.

आता तुमच्याकडे येते. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. यजमानांचं साडेनऊ ते साडेसहाचं काम तिथे अकरा ते आठ होतं. म्हणजे सकाळी सहा ते अकरा ते मोकळे आहेत. मुलांच्या आंघोळी, नाश्ता आणि अभ्यासाचा सव्वा तास त्यांचा, हे कागदावर लिहा. दुपार तुमची. कपडे किलोवर धुऊन देणारी दुकानं चियांग माईत गल्लोगल्ली आहेत, ते पैसे वाचवायचे नाहीत. स्वयंपाक दिवसात एकदाच. रविवारी तुम्ही एकट्या बाहेर.

शिकवणी तिथून ऑनलाइन घ्यायचा मोह होईल, पण हिशेब करून बघा : पाच ते साडेसहाचा वर्ग तिथे साडेसहा ते आठ, म्हणजे नेमका ते कामात असताना आणि मुलांच्या जेवणाच्या वेळी. जमणार नाही. वर्ग दिवाळीपासून एखाद्या ओळखीच्या शिक्षिकेकडे सोपवा, पालकांना सप्टेंबरमध्येच सांगा. आणि पाच महिन्यांचं बुडणारं उत्पन्न विमानाच्या तिकिटांसारखंच खर्चाच्या वहीत लिहा. दर महिन्याला तेवढी रक्कम तुमच्या खात्यात. यजमानांना हे हसण्यावारी न्यायचं असेल, तर त्यांच्या बिनपगारी रजेचा खर्च त्याच पानावर लिहायला सांगा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना चार घरांची यादी, विम्याचा कागद आणि औषधांचा डबा दाखवा. हाल होतील हे त्यांचं म्हणणं नऊ देशांच्या बेताबद्दल अगदी बरोबर होतं, तेही त्यांना सांगा.

तिकिटं काढायच्या आधी ऑगस्टमध्ये नऊ दिवस कोकणात, दापोलीकडे, ब्रॉडबँड असलेलं एक घर भाड्याने घ्या. बाहेर धो धो पाऊस, मुलं घरात अडकलेली, यजमान लॅपटॉपवर : यापेक्षा चांगली रंगीत तालीम नाही. सकाळचं त्यांचं वेळापत्रक त्यांनी नऊपैकी सात दिवस पाळलं, तर चियांग माईची तिकिटं काढा. दोनच दिवस पाळलं, तर पासपोर्ट तेवढे नवे झाले म्हणायचं आणि यंदाचा बेत पंधरा दिवसांचा करायचा.