विद्यापीठाच्या विद्यार्थी सेवांसाठी नवा निधी आणि नवे भागीदार कोठून मिळवावेत?

वसतिगृह, भोजन, समुपदेशन आणि अभ्यासिका यांचा खर्च शुल्कातून व अनुदानातून भागत नाही, तर कोणाकडे जावे, असे आपण विचारले आहे. निधी देणारे आपल्याच जिल्ह्यात असतात. त्यांच्याकडे आपण नेमके काय मागतो आणि दिलेल्या पैशाचा हिशेब कसा ठेवतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे विद्यार्थी कल्याण समितीचे काम पाहिले आणि या प्रश्नावरून माझा जो वाद झाला तो अजून मनातून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या वसतिगृहाच्या मेसची हजेरीवही मी दर महिन्याला तपासत असे. महिन्याचा पहिला पंधरवडा सरला की काही ठरावीक नावांपुढे रात्रीच्या रकान्यात फुल्या दिसू लागत. ही मुले चंदगड, भुदरगड, शाहूवाडी भागातली. दुपारी पोटभर जेवून रात्र चहाबिस्किटांवर काढणारी. त्यांतील बहुतेकांची शिष्यवृत्ती मंजूर असे, परंतु ती खात्यात जमा होईपर्यंत सत्र संपत आलेले असे. या मुलांसाठी बाहेरून निधी मागावा, असा विषय मी व्यवस्थापनाच्या बैठकीत मांडला. तेव्हा एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी सांगितले की, देणगीदार इमारतीला पैसे देतो, भाकरीला देत नाही, कारण भाकरीवर नावाची पाटी लावता येत नाही. शिवाय आपल्याकडची मुले अर्धपोटी राहतात हे बाहेर कळले तर संस्थेची बदनामी होईल, अशीही पुस्ती त्यांनी जोडली.

मी ती वही घेऊन शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांकडे गेले. नावांवर कागदाच्या पट्ट्या लावल्या होत्या. रकाने तेवढे उघडे ठेवले होते. ते स्वतः बोर्डिंगात राहून शिकलेले होते. त्यांनी रात्रीच्या रकान्यावरून वरून खालपर्यंत बोट फिरवले आणि एका जेवणाला किती खर्च येतो, ही वही कोण तपासते, शिष्यवृत्ती आल्यावर मुले थकलेले बिल भरतात का, एवढेच विचारले. पाटीचा विषय त्यांनी काढलाही नाही. स्वतंत्र बँक खाते आणि दर तिमाहीला जमाखर्च, या दोन अटींवर त्यांनी पैसे दिले. त्यातून आम्ही फिरता निधी उभा केला: मेसचे बिल निधीतून भरायचे, शिष्यवृत्ती जमा झाली की विद्यार्थ्याने ते परत करायचे आणि ज्याला शिष्यवृत्तीच नाही त्याच्याकडे मागायचे नाही. बहुतेक मुलांनी पैसे परत केले आणि वहीतल्या फुल्या कमी होत गेल्या.

पुढे मूल्यांकन समिती येणार म्हणून त्या खात्यातील शिल्लक भोजनगृहाच्या फरशीसाठी वळवण्यात आली. फौंड्रीच्या मालकांनी त्या तिमाहीचा जमाखर्च वाचला, एक शब्द वावगा बोलले नाहीत आणि पुढचा हप्ता पाठवला नाही. आमचे ते पदाधिकारी आजही सांगतात की, देणगीदार टिकत नाहीत. देणगीदार टिकला होता. त्याच्या पैशाचा ठरलेला हेतू संस्थेने टिकवला नाही.

खरे तर कोल्हापुरात हा वाद उद्भवायलाच नको होता. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्यानंतर वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. महाराजांनी जागा व इमारतींबरोबर वार्षिक अनुदानेही दिली आणि कारभाराचा भार त्या त्या समाजातील कार्यकर्त्यांनी उचलला. दरबार आणि समाज यांची ती भागीदारीच होती, आणि तिच्यात रोजच्या खर्चाचा विचार पहिल्यापासून होता. याच गावातील जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग पुढे रुजवला. इमारत झाली की काम झाले, असे मानणाऱ्यांनी या गावात तरी हा इतिहास विसरू नये.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते; यालाच कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व किंवा सीएसआर म्हणतात. शिक्षण, भूक व कुपोषणाचे निवारण, आरोग्य आणि महिलांची वसतिगृहे हे विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पांची तरतूद असल्यामुळे समुपदेशकाचे तीन वर्षांचे मानधन मागण्यात काहीही गैर नाही. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ असे काम थेट राबवू शकते. मात्र त्यासाठी सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज आधी भरावा लागतो.

तरीही मी केवळ मोठ्या कंपन्यांच्या मागे लागणार नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील अनेक कारखाने या मर्यादेत बसत नाहीत, पण त्यांचे मालक याच महाविद्यालयांत शिकलेले आहेत. त्यांच्याकडे मोघम आवाहन घेऊन न जाता एका सेवेचा एका वर्षाचा खर्च कागदावर मांडून जावे. सगळेच पैशाच्या रूपाने मागू नये: रुग्णालयाकडून आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ, कारखान्याकडून पगारी शिकाऊ उमेदवारी, सहकारी संस्थेकडून वाजवी दरात धान्य किंवा दूध, ही मदतही तितकीच मोलाची आहे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या शासनाच्या स्वाधार योजनेचे आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचे अर्ज पात्र विद्यार्थ्यांनी भरले आहेत का, हे आधी पाहावे. देणगीने शासनाची जबाबदारी संपत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून पैसे स्वीकारण्यापूर्वी परकीय अंशदानाच्या कायद्याबाबत लेखापरीक्षकाला विचारावे. आणि सामंजस्य करारात एक कलम अवश्य घालावे: देणगीदाराच्या लेखी संमतीशिवाय या खात्यातील रक्कम दुसऱ्या कोणत्याही कामासाठी, बांधकामासाठी तर नाहीच, वापरता येणार नाही. त्या कलमाला आपल्या व्यवस्थापनातून कोणी विरोध केला, तर देणगीदाराकडे जाण्याआधी तो प्रश्न घरातच मिटवून घ्या.