एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या संघात खेळाडू घेण्या-सोडण्याचा अंतिम निर्णय नेमका कोणाचा असतो?
खेळाडूंची अदलाबदल, करार आणि ड्राफ्टमधील (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) निवड यांवर अंतिम शब्द सहसा जनरल मॅनेजरचा असतो. मात्र त्याला नेमणारा व काढणारा अध्यक्ष किंवा मालक असल्याने खरी सत्ता एक पायरी वर राहते. मे २०२३ मध्ये टोरांटो मेपल लीफ्सचे अध्यक्ष ब्रेंडन शॅनाहन यांनी जनरल मॅनेजर काइल डुबस यांना पदावरून दूर केले, तेही नव्या कराराची बोलणी चालू असताना, आणि त्यामागची हकीकत पत्रकार परिषदेत स्वतःच सांगितली. प्रशिक्षकाचे मत विचारात घेतले जाते, पण त्याचा अधिकार मुख्यतः बर्फावर कोणाला उतरवायचे एवढ्यापुरता. अर्थात सर्वत्र हीच उतरंड नसते: न्यू यॉर्क आयलंडर्समध्ये लू लॅमोरिएलो यांच्याकडे २०१८ पासून सुमारे सात वर्षे अध्यक्ष व जनरल मॅनेजर ही दोन्ही पदे होती.