तोच डाव, भिडू नवा

या खेपेच्या बहुतेक पत्रांत निदान आधीच करून पाठवलंय: 'मी अँक्शस, तो अव्हॉइडंट.' रील्सची कृपा. 'अटॅचमेंट स्टाइल', म्हणजे जवळच्या नात्यात वागायची सवय, तिची ही नावं: अँक्शस म्हणजे सोडून जाईल या धास्तीने मागे लागणारा, अव्हॉइडंट म्हणजे जवळीक वाढली की लांब पळणारा. मी ते निदान बाजूला ठेवलं आणि प्रत्यक्षात काय घडतंय तेवढंच वाचलं.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची, म्हापशाची, पणजीत बँकेत नोकरी करते. आतापर्यंत तिघांशी जुळलं आणि तिन्ही वेळा तेच. पहिले दोन महिने तो मागे मागे असतो, मग थंड पडतो. मी विचारत राहते, तो आणखी लांब जातो. परवाचंच सांगते. 'घरी पोचलो की कळवतो' म्हणाला. नऊला निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. साडेनऊला मी 'ठीक आहे, राहू दे' पाठवलं. दहाला मुद्दाम मैत्रिणींबरोबरचं स्टेटस टाकलं. मध्ये एक सरळ मुलगा भेटला होता, वेळेवर फोन करायचा, पण त्याच्याबद्दल काही वाटलंच नाही. लहानपणी आईबाबा मस्कतला होते, मी डिचोलीला आजीकडे वाढले. म्हणून मी अशी झाले का?

उत्तर : आजीला आधी आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढू. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाच्या मांडणीचा गाभा एवढाच, की घाबरलेल्या मुलाला धाव घ्यायला खात्रीचं माणूस लागतं. ते आईच असलं पाहिजे असं नाही, आजी चालते. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या मुलांना काही मिनिटं आईपासून दूर ठेवून पाहिलं. आई गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, याकडे तिचं लक्ष होतं. बरीचशी मुलं बिलगून शांत झाली आणि खेळायला गेली. काही बिलगली तरी शांत होईनात, वर रागही काढत होती. काहींनी आई आल्याचं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. पुढे १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी डेन्व्हरच्या एका वृत्तपत्रात प्रश्नावली छापून हेच मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिलं. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक जण पहिल्या, निर्धास्त गटातले निघाले. लहानपणाचा माग मोठेपणी सापडतो, पण तो पुसट असतो, आणि मधली नाती तो बदलतात. आजीने तुला जवळ घेतलं असेल, तर मस्कतवर फार खापर फोडू नकोस.

तुझा खरा मामला त्या नऊ ते दहाच्या तासात आहे. 'राहू दे' म्हणताना तुला 'अजिबात राहू देऊ नकोस' म्हणायचं होतं. त्याने शब्दशः घेतलं आणि सुटलो म्हणाला असेल. स्टेटसही त्यातलंच: ही जवळ बोलावण्याची हाक आहे, पण ऐकणाऱ्याला ती चपराक वाटते. तो मागे सरतो, तुझी भीती खरी ठरते. दोष एकट्या तुझा नाही, एकट्या त्याचाही नाही.

आणि तो सरळ मुलगा. मांडवीतल्या कॅसिनोत माणूस रात्रभर बसतो तो दर वेळी जिंकतो म्हणून नव्हे, कधीतरी जिंकतो म्हणून. कधी येणारा, कधी न येणारा फोन तसाच जीव अडकवतो. छातीतल्या त्या धडधडीला तू प्रेम समजतेस. त्यातला बराचसा भाग धास्तीचा असतो. वेळेवर फोन करणाऱ्याकडे धास्तीच नाही, मग धडधड कुठून येणार? असा कुणी पुन्हा भेटला तर पहिल्या भेटीत निकाल लावू नकोस, चार-पाच भेटी होऊ देत. आणि नऊ वाजता एकच मेसेज: 'कळवलं नाहीस तर मला काळजी वाटते, झोपण्याआधी सांग.' त्यानंतर फोन दुसऱ्या खोलीत. साध्या वाक्याला जो पुन्हा पुन्हा उत्तर देत नाही, त्याच्याबद्दल तुला कळायचं ते कळलं.

प्रश्न : वय ३२, फोंडा. वेर्ण्याला औषध कंपनीत शिफ्ट असते. मुलगी हो-नाही करते तोवर मला झोप नाही. 'घरी कधी सांगायचं?' असं तिने विचारलं, की तिचं हसणं, मेसेजमधलं शुद्धलेखन, सगळं खुपायला लागतं. गेल्या चवथीला ती आईला भेटायला येते म्हणाली. मी तीन दिवस फोन उचलला नाही. मी मतलबी आहे का?

उत्तर : चवथीच्या आधी तिचं हसणं खुपत होतं का? तारखा मांडून बघा. दोष जवळीक वाढल्यावरच दिसत असतील, तर ते तिच्यात कमी आणि तुमच्या घाबरण्यात जास्त आहेत. पहिल्या उत्तरातली, आई परतल्यावर न पाहिल्यासारखं करून खेळण्यात डोकं घालणारी ती मुलं वरून थंड दिसायची, पण पुढच्या अभ्यासांत त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेले निघाले. तुमचे ते तीन दिवसही शांततेत गेले नसणार.

एकांत हवासा वाटणं गैर नाही, न सांगता गायब होणं गैर आहे. 'मला दोन दिवस हवेत, रविवारी संध्याकाळी फोन करतो' असं सांगा आणि रविवारी कराच. परतायची वेळ कळली की समोरची बाई मागे लागत नाही, आणि तिने मागे लागणं थांबवलं की तुमचाही पळायचा जोर ओसरतो. मात्र लग्नच करायचं नसेल, तर 'माझी स्टाइलच अशी' हे पांघरूण घेऊ नका. तिला तसं स्पष्ट सांगा.

प्रश्न : होणारा नवरा बोटीवर, मी वास्कोला. तो नसताना मी रडून काढते, आणि तो सुट्टीवर आला की दोन-चार दिवस त्याच्याशी बोलावंसंच वाटत नाही. माझं प्रेम खोटं आहे का?

उत्तर : नाही. बोल्बीचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५०च्या सुमारास इस्पितळात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. आधी आकांत, मग खिन्नता, मग अलिप्तपणा. आई न्यायला आली की काही मुलं तोंड फिरवायची. तुमचंही तसंच समजा. त्याला बोटीवर असतानाच सांगून ठेवा की पहिले दोन-तीन दिवस मी गप्प असेन, ते तुझ्यावर नाही. आणि त्या दिवसांत पाहुण्यांची रांग लावू नका. समुद्रात नेट नसलेल्या दिवसांचा हिशेब स्वभावाच्या खात्यात मांडू नका. बंदराला लागूनही तो गप्प राहत असेल, तर तो विषय वेगळा.

प्रश्न : तो म्हणतो, 'मी अँक्शस आहे, समजून घे.' लाइव्ह लोकेशन कायम चालू ठेवायचं, पासवर्ड त्याच्याकडे. ऑफिसातला एकजण स्कूटरवरून सोडायला आला म्हणून मडगाव स्टँडवर माझा हात पिरगळला. मी कसं समजून घेऊ?

उत्तर : समजून घेऊ नकोस. घाबरणाऱ्या माणसाला खात्री हवी असते. हा ताबा मागतोय, आणि हात पिरगळणं ही मारहाण आहे. त्याच्याबरोबर जोडीने समुपदेशनाला जाऊ नकोस, एकटी जा. लगेच लोकेशन बंद करून त्याला जाबही विचारू नकोस. सुटू पाहणाऱ्या मुलीवर अशा वेळी धोका वाढतो. आधी घरातल्या किंवा ऑफिसातल्या एका माणसाला सगळं सांग, आणि तेही त्याच्याकडे पासवर्ड असलेल्या फोनवरून नको. महिलांसाठी १८१ आहे, अंगावर आलं तर ११२. मला पुन्हा लिहायचं झालं तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लिही.