रहीमचाचाला मारू नकोस

प्रिय मित्रा,

तुझ्या मालिकेचे पहिले तीन भाग वाचले, दोनदा. सोलापूर ओळखू येतं, पार्क चौक ते विजापूर वेस. पण तिसऱ्या भागाच्या शेवटी नायिकेला वाचवताना तुझा शिंपी रहीमचाचा मरतो, तिथे मी वही मिटली.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही असाच एक चाचा मारला होता. खूप रडला होता प्रेक्षक. भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी शर्टाचं माप देत उभा होतो. आमचे मास्टर टेप माझ्या खांद्यावर ताणत म्हणाले, "साहेब, तुमच्या टीव्हीत आमचा माणूस एक तर बाँब ठेवतो, नाहीतर मरून चांगला ठरतो. दुकानाचं भाडं कधी भरतच नाय." आणि बाहीचं माप लिहून घेतलं. मला मात्र पुढे कितीतरी दिवस ते भाडं आठवत राहिलं.

तुझा हेतू स्वच्छ आहे, ते दिसतं. पण तुझा चाचा तिन्ही भागांत जणू साक्षीच्या पिंजऱ्यात उभा आहे. दुसऱ्या भागात काही कारण नसताना तो कुर्बान हुसेन यांचं नाव घेतो. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात स्वातंत्र्यलढ्यातल्या चौघा सोलापूरकरांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. सोलापूरकर ही चारही नावं एका दमात घेतो. त्यातलं एकच वेगळं काढून तू चाचाच्या हातात दाखल्यासारखं दिलंस. त्यापेक्षा त्याची लूना या चौघांच्या चार पुतळ्यांपाशी बंद पडू दे, आणि तिला शिव्या घालत तो घरापर्यंत ढकलत नेऊ दे.

भाषेचंही बघ. विजापूर वेशीत 'जनाब' कोण म्हणतं रे? तिथे 'हौ', 'नक्को', 'कायकू' चालतं. गिऱ्हाईक मराठी असेल तर मराठी, आणि तेलुगू वस्तीच्या पूर्वभागातलं असेल तर मोडकंतोडकं तेलुगूही.

1986 साली दूरदर्शनवर 'नुक्कड' लागायची. त्यातल्या कादरभाईचं हॉटेल म्हणजे अख्ख्या गल्लीचा अड्डा. तो मुसलमान आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कथा त्यावर अडून बसत नव्हती. कॅनडात 2007 साली झरका नवाझ यांची 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' सुरू झाली. छोट्या गावातली मशीद, तीही चर्चचा हॉल भाड्याने घेऊन. तिथले मुसलमान आपसातच वाद घालतात. बायका-पुरुषांच्या मध्ये आडोसा हवा की नको, यावर तर एक भागच आहे. हसू त्यातूनच येतं. आपल्याला ठाऊक असलेल्या घरातली भांडणं दिसली की ते घर परकं राहत नाही, एवढंच मला त्यातून उमगलं.

तुझी ईद झुंबर, कव्वाली आणि बिर्याणीची आहे. मला चाँदरात दे. चंद्र दिसला की नाही याचा निरोप येईपर्यंत उद्या ईद की परवा, ते ठरत नाही. निरोप आला की चाचाच्या दुकानासमोर गर्दी. काज-बटण करणारा पोरगा डुलक्या घेतोय. "मास्टर, माझा कुर्ता?" "झालाच म्हणून समजा." झालेला नाही, कापड अजून कापायचंय. आत चाची खारकांच्या बिया काढतेय, चुलीवर दूध आटतंय, आणि धाकटी रडतेय, कारण गावाचे कपडे शिवणाऱ्या बापाने तिचाच फ्रॉक शिवलेला नाही. पहाटे चाचाला आठवतं, नमाजाच्या आधी फित्रा, म्हणजे ईदचं दान, द्यायचाय, आणि गल्ल्यात उधारीच्या चिठ्ठ्याच जास्त. इथे तुझा अख्खा भाग पडलाय. चाचाला थोडा खोटारडा, थोडा चिक्कू राहू दे. त्याच्या चुकीवर प्रेक्षक हसला तर घाबरू नकोस.

वाहिनीवाले विचारतील, टोपी नाही, सुरमा नाही, मग प्रेक्षकाला कळणार कसं? मलाही विचारलं होतं. मी मान डोलावली आणि टोपी घातली. तू जरा वाद घाल. नोकरी जाईल इतका नको.

चौथ्या भागाला हात लावण्याआधी एक कर. वेशीतल्या एखाद्या मास्टरकडे शर्ट शिवायला टाक. सांगितलेल्या दिवशी मिळणार नाही. तो काय सबब सांगतो, ती जशीच्या तशी लिहून आण.

तुझा,
सर